चहा स्वस्त होणार होता, तरी अमेरिकेत बंड का झालं?

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टन बंदरात तीन जहाजांवर काही माणसं चढली. अंगावर घोंगड्या, तोंडाला काजळी, सोंग मोहॉक आदिवासींचं. दोन-तीन तासांत त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या फोडल्या आणि सगळा चहा पाण्यात ओतला. पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून होऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते.

आपण हा प्रसंग एका वाक्यात शिकतो: इंग्रजांनी चहावर कर लावला, लोक भडकले, चहा बुडवला. पण त्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने चहावर कुठलाही नवा कर लावला नव्हता. उलट १७७३ च्या चहा कायद्यामुळे अमेरिकेत चहा स्वस्त होणार होता, डचांकडून चोरून येणाऱ्या चहाच्या तोडीस तोड दरात मिळणार होता. मग स्वस्त चहा कोणी समुद्रात का टाकेल?

माझ्या मते अमेरिकेच्या क्रांतीची कारणं समजून घ्यायला यापेक्षा चांगला प्रश्न नाही. कर किती यावर तिथे फारसं भांडण झालंच नाही. भांडण होतं ते कर लावायचा अधिकार कोणाचा आणि त्या पैशातून पगार कोणाला मिळणार, यावर.

युद्ध जिंकलं आणि तिजोरी रिकामी झाली

सुरुवात १७६३ पासून करावी लागते. त्या वर्षी सप्तवार्षिक युद्ध संपलं. ब्रिटनने फ्रान्सकडून कॅनडा घेतला, मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख घेतला. बॉस्टन आणि फिलाडेल्फियाचे लोक या विजयाने हरखून गेले होते. आपण इंग्रज आहोत, जगातल्या सर्वांत मोकळ्या राज्याचे प्रजाजन आहोत, याचा त्यांना मनापासून अभिमान होता. पुढच्या बारा वर्षांत हीच माणसं राजाच्या सैन्यावर गोळ्या झाडणार होती, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर त्यांनाच पटलं नसतं.

विजय महागात पडला होता. ब्रिटनचं राष्ट्रीय कर्ज युद्धाआधीच्या जवळजवळ दुप्पट होऊन १३ कोटी पौंडांच्या घरात गेलं. सरकारच्या वार्षिक खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा नुसत्या व्याजात जात होता. पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिलसमोर हा डोंगर उभा होता. त्यात नव्या मुलखाच्या बंदोबस्तासाठी अमेरिकेत सुमारे १०,००० सैनिक कायमचे ठेवायचं ठरलेलं. इंग्लंडमधली जनता आधीच करांनी वाकली होती. १७६३ मध्ये सफरचंदाच्या दारूवर कर लावला तेव्हा खुद्द इंग्लंडच्या पश्चिम भागात दंगे झाले. अमेरिकेतले लोक त्या मानाने अगदी नाममात्र कर भरत होते. तेव्हा त्यांच्याच रक्षणाचा थोडा खर्च त्यांनी उचलावा, असं लंडनला वाटलं. लंडनच्या बाजूने पाहिलं तर यात काही गैर नव्हतं, हे मान्य करायला हवं.

पण अमेरिकेतून चित्र वेगळं दिसत होतं. ज्या फ्रेंचांची भीती होती ते तर गेले. मग शांततेच्या काळात हे सैन्य नेमकं कोणावर नजर ठेवायला? शिवाय युद्धात अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींनीही माणसं आणि पैसा दिला होता, आणि तो पार्लमेंटच्या हुकमाने नव्हे तर आपापल्या सभांच्या ठरावाने दिला होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजाने फर्मान काढलं की ॲपलाचियन डोंगररांगेच्या पश्चिमेला वसाहतवाल्यांनी वस्ती करायची नाही. पाँटिअॅक या आदिवासी सरदाराच्या नावाने ओळखला जाणारा उठाव तेव्हा पेटला होता आणि आणखी एक खर्चिक युद्ध सरकारला नको होतं. आदिवासी जमातींच्या दृष्टीने ती रेषा म्हणजे संरक्षण होतं, दुबळं का होईना. वसाहतीतल्या शेतकऱ्यांना आणि विशेषतः जमिनीच्या मोठ्या खरेदीदारांना मात्र ती फसवणूक वाटली. जॉर्ज वॉशिंग्टन त्यांतलाच एक. १७५४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ओहायो खोऱ्यात ज्या चकमकीतून हे सगळं युद्ध पेटलं तिचं नेतृत्व त्यानेच केलं होतं. तिथे लढणाऱ्यांना जमिनी देण्याचं वचन होतं. १७६७ मध्ये त्याने आपल्या ओळखीच्या मोजणीदाराला पत्र लिहून रेषेपलीकडच्या चांगल्या जमिनी गुपचूप हेरून ठेवायला सांगितलं, कारण ही बंदी फार दिवस टिकणार नाही अशी त्याची खात्री होती.

दीडशे वर्षांची सवय

इथे थोडं मागे जायला हवं, कारण सगळ्या गुंत्याची गाठ इथेच आहे.

व्हर्जिनियात लोकांनी निवडलेली पहिली सभा १६१९ मध्ये भरली. पुढे प्रत्येक वसाहतीत अशी सभा आली. मत फक्त मालमत्ता असलेल्या गोऱ्या पुरुषांना, पण जमीन मुबलक असल्यामुळे मतदारांचं प्रमाण इंग्लंडपेक्षा बरंच जास्त होतं. स्थानिक कर या सभा लावत. बहुतेक ठिकाणी गव्हर्नर राजा नेमायचा, पण त्याचा पगार बऱ्याच वसाहतींत सभा मंजूर करायची. म्हणजे गव्हर्नर राजाचा, पण त्याची चूल पेटायची सभेच्या पैशावर. सभेला डावलून फार पुढे जायची त्याची हिंमत होत नसे.

व्यापारावर लंडनचे कायदे होते, पण कागदावर. कॅरिबियन समुद्रातल्या फ्रेंच बेटांवरून येणाऱ्या उसाच्या मळीवर १७३३ पासून गॅलनमागे सहा पेन्स जकात होती. मळीपासून रम बनायची आणि न्यू इंग्लंडचा मोठा धंदा त्यावर चालायचा. ती जकात प्रामाणिकपणे भरली असती तर धंदाच बुडाला असता, म्हणून व्यापारी अधिकाऱ्यांचे हात ओले करून माल उतरवत. कित्येक जकात अधिकारी तर इंग्लंडमध्येच राहायचे आणि इथे बदली माणूस ठेवायचे. लंडनहून पत्र यायला सहा-आठ आठवडे लागत. साम्राज्याला याची कल्पना होती, पण व्यापार वाढतोय ना, मग चालू द्या, असं धोरण कित्येक दशकं राहिलं.

या ढिलाईत चार-पाच पिढ्या वाढल्या. आपल्यावरचे कर आपली सभा लावते, आपल्यावरचे खटले आपल्यातले पंच ऐकतात, ही लंडनने दिलेली सवलत आहे असं त्यांना वाटत नव्हतं. तो त्यांना इंग्रज म्हणून आपला जन्मसिद्ध हक्क वाटत होता. लंडनच्या मते मात्र तो नुसता दुर्लक्षाचा परिणाम होता, आणि आता लक्ष द्यायची वेळ आली होती.

म्हणूनच १७६४ च्या साखर कायद्याचा किस्सा बोलका आहे. ग्रेनव्हिलने मळीवरची जकात सहा पेन्सवरून तीन पेन्सवर आणली. निम्मी केली! आणि तरी बॉस्टन आणि ऱ्होड आयलंडचे व्यापारी खवळले. कारण या वेळी ती खरोखर वसूल होणार होती. चोरट्या मालाचे खटले आता नौदलाच्या धर्तीवरच्या न्यायालयात चालवता येणार होते. तिथे पंच नसत, एकटा न्यायाधीश निकाल देई, आणि असं एक न्यायालय तर थेट दूर हॅलिफॅक्सला बसवलं. माल कायदेशीर आहे हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर.

मुद्रांक आणि मॅंचेस्टरचा दाखला

१७६५ चा मुद्रांक कायदा याच्या पुढची पायरी. साखरेची जकात निदान व्यापाराच्या नियमनात बसवता येत होती. मुद्रांक कायदा मात्र सरळ महसूल गोळा करायला होता. न्यायालयातला प्रत्येक कागद, खरेदीखत, परवाना, वर्तमानपत्र, पंचांग, इतकंच काय पत्त्यांचा जोड, सगळ्यावर शिक्का हवा आणि त्याचे पैसे ब्रिटिश चलनात. या कायद्याची झळ सर्वांत आधी कोणाला लागली, ते पाहा: वकील, छापखानेवाले, व्यापारी, खानावळवाले. म्हणजे ज्यांना लिहिता-बोलता येतं आणि ज्यांच्याकडे गर्दी जमते, नेमके तेच. राजकीय दृष्ट्या याहून वाईट निवड करता आली नसती.

ऑगस्टमध्ये बॉस्टनमध्ये मुद्रांक वाटपासाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगला गेला. बारा दिवसांनी जमावाने नायब गव्हर्नर थॉमस हचिन्सनचं घर लुटून खिळखिळं केलं. एकामागून एक वाटप अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तेव्हा जवळजवळ कुठेच मुद्रांक विकायला माणूस उरला नव्हता.

रस्त्यावरच्या या दंग्याइतकाच महत्त्वाचा वाद कागदावर चालला होता. वसाहतींचं म्हणणं: पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, तेव्हा तिला आमच्या खिशाला हात घालता येणार नाही. ग्रेनव्हिलच्या बाजूने टॉमस व्हेटलीने उत्तर दिलं, की मॅंचेस्टर आणि बर्मिंगहॅम या भरभराटीच्या शहरांनाही पार्लमेंटमध्ये स्वतःचा सदस्य नाही, मग ते कर भरत नाहीत का? प्रत्येक सदस्य साऱ्या साम्राज्याचा विचार करतो.

हा युक्तिवाद वाटतो तितका पोकळ नाही. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये प्रतिनिधित्व असंच अर्धवट होतं. ओल्ड सेरमसारख्या ओसाड जागेतून दोन सदस्य जात होते. पण मेरीलँडचा वकील डॅनियल डलानी याने त्यावर दिलेलं उत्तर मला या सगळ्या वादातलं सर्वांत धारदार वाटतं. मॅंचेस्टरच्या माणसाला मत नसेल, तरी त्याच्यावर कर लावणारा सदस्य तोच कर स्वतःही भरतो. त्याला त्याची झळ बसते, म्हणून तो हात आखडता घेतो. अमेरिकेवर कर लावणाऱ्या सदस्याला मात्र काहीच झळ नाही. उलट अमेरिकेने जितका भरला तितकं त्याचं स्वतःचं ओझं हलकं. जिथे कर लावणाऱ्याचा फायदा आणि भरणाऱ्याचा तोटा एकच आहे, तिथे एकाने दुसऱ्याच्या हिताचं रक्षण कसं करावं?

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यावी. वसाहतींना पार्लमेंटमध्ये जागा हव्या होत्या, असा समज सहज होतो. तसं नव्हतं. १७६५ च्या ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले आणि त्यांनी स्पष्ट ठराव केला की इतक्या अंतरावरून आम्हाला तिथे प्रतिनिधित्व मिळणं शक्यच नाही. मूठभर जागा घेऊन शेकडो सदस्यांत नेहमी हरण्यापेक्षा आपली सभा बरी, हा साधा हिशेब होता.

ब्रिटिश मालावर बहिष्कार पडला, लंडनचे व्यापारी कळवळले आणि मार्च १७६६ मध्ये कायदा रद्द झाला. अमेरिकेत आनंदोत्सव झाले. त्या आनंदात फार थोड्यांनी लक्ष दिलं, की त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा एक कायदा मंजूर केला होता: वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदे करायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. कर मागे घेतला, हक्क सोडला नाही.

पगार कोण देतं?

१७६७ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंडने काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर जकात लावली. या पैशाचा एक उपयोग कायद्यातच लिहिला होता, आणि तो वाचून सभांच्या पोटात गोळा आला: गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार. म्हणजे सभेच्या हातातली एकुलती एक दोरी कापायची. पगार लंडनहून मिळू लागला की गव्हर्नर सभेला विचारणार कशाला, आणि राजाच्या पैशावर जगणारा न्यायाधीश राजाच्या विरोधात निकाल देणार कसा?

पुन्हा बहिष्कार सुरू झाला. या वेळी बायकांनी एकत्र बसून सूत कातलं, घरी विणलेलं जाडंभरडं कापड अंगावर घालणं हा देशाभिमान ठरला. आपल्याकडच्या स्वदेशीच्या चळवळीची आठवण व्हावी असंच ते चित्र होतं. जकात मंडळाचं ठाणं बॉस्टनला, त्यामुळे राग तिथेच साठला आणि १७६८ मध्ये तिथे सैन्य उतरलं. ५ मार्च १७७० ला चिडवणाऱ्या, बर्फाचे गोळे फेकणाऱ्या जमावावर सैनिकांनी गोळीबार केला, पाच जण मेले. सैनिकांचं वकीलपत्र जॉन अॅडम्स याने घेतलं, जो पुढे क्रांतीचा मोठा नेता झाला. बहुतेक सैनिक निर्दोष सुटले, दोघांना सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. सूड नको, न्याय हवा, हे त्या वातावरणातही टिकून होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

लंडनने पुन्हा माघार घेतली आणि एक सोडून सगळ्या जकाती काढल्या. चहावरची पौंडामागे (वजनाच्या) तीन पेन्स तेवढी राहिली. मंत्रिमंडळात हा निर्णय पाच विरुद्ध चार असा झाला होता. एका मताने.

बंगालचा दुष्काळ, लंडनची गोदामं

आता चहाकडे, आणि इथे आपला इतिहास या गोष्टीत येतो.

१७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करायचा अधिकार, मिळाली. लंडनमध्ये तिच्या शेअरवर उड्या पडल्या, लाभांश वाढवला गेला. ब्रिटिश सरकारनेही कंपनीकडून वर्षाला चार लाख पौंड घ्यायला सुरुवात केली. मग पाऊस हुकला आणि १७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. कंपनीने सारावसुली थांबवली नाही. पण युद्धांचा आणि सैन्याचा खर्च, अधिकाऱ्यांची लूट आणि १७७२ मध्ये लंडनच्या बँकांत उडालेली घबराट यांनी कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. दुसरीकडे तिच्या गोदामांत न विकलेला चीनचा चहा तुंबला होता, सुमारे १.७ कोटी पौंड वजनाचा.

कंपनी बुडाली तर अर्धं लंडन तिच्याबरोबर गेलं असतं. म्हणून पंतप्रधान लॉर्ड नॉर्थने १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं, रेग्युलेटिंग ॲक्टने तिच्या कारभारावर देखरेख आणली आणि चहा कायद्याने तुंबलेल्या मालाला वाट करून दिली. ब्रिटनमध्ये भरलेली जकात कंपनीला परत मिळणार होती आणि मधले व्यापारी वगळून ती स्वतःच्या निवडक दलालांमार्फत अमेरिकेत चहा विकणार होती. दर घसरणार होते, ते यामुळे.

पार्लमेंटमध्येच नॉर्थला इशारा मिळाला होता, की ते तीन पेन्स काढून टाका, नाहीतर ते लोक चहा घेणार नाहीत. त्याने ऐकलं नाही. गव्हर्नर-न्यायाधीशांच्या पगाराचा पैसा त्यातूनच यायचा होता.

आता बॉस्टनच्या व्यापाऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. स्वस्त चहा लोक घेणार. घेतला की प्रत्येक पौंडामागे तीन पेन्स भरणार आणि पार्लमेंटचा अधिकार आपोआप मान्य होणार. चोरून चहा आणणारा बुडणार, पण कायदेशीर आयात करणाराही बुडणार, कारण तोही वगळला गेलाय. बॉस्टनच्या दलालांत आता गव्हर्नर झालेल्या हचिन्सनचे दोन मुलगे. आज चहाची मक्तेदारी दिली, उद्या कशाची? पेनसिल्व्हेनियाचा वकील जॉन डिकिन्सन याने तर कंपनीच्या आशियातल्या कारभाराकडे बोट दाखवलं. तिथे युद्धं लावून, राजे उलथवून, धान्य अडवून तिने लाखोंना उपाशी मारलं आणि आता तिची नजर अमेरिकेवर वळली आहे, असं त्याने लिहिलं. बंगालमधल्या मृतांचा दाखला अमेरिकेच्या बंडात दिला गेला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाहून चहाची जहाजं परत पाठवली गेली. बॉस्टनमध्ये हचिन्सनने जकात भरल्याशिवाय जहाज बाहेर सोडायला नकार दिला. बंदरात आल्यापासून वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त, असा नियम. पहिल्या जहाजाची मुदत १७ डिसेंबरला संपत होती. म्हणून १६ ची रात्र.

शिक्षेने केलेलं काम

इथवर गोष्ट सांधता आली असती. चहा बुडवणं बेंजामिन फ्रँकलिनसकट अनेक अमेरिकनांना आवडलं नव्हतं. पण १७७४ मध्ये पार्लमेंटने चहाची भरपाई होईपर्यंत संपूर्ण बॉस्टन बंदर बंद केलं. मॅसॅच्युसेट्सची सनद बदलून वरच्या सभागृहाची निवडणूक रद्द केली, गावसभांवर बंधन घातलं आणि सरकारी माणसांवरचे खटले दुसरीकडे हलवायची सोय केली. काही माणसांच्या गुन्ह्यासाठी एका अख्ख्या प्रांताचं स्वराज्य काढून घेतलं.

बाकीच्या वसाहतींनी यातून एकच अर्थ काढला: आज त्यांची सनद गेली, उद्या आपली जाईल. बॉस्टनला ठिकठिकाणांहून धान्य आलं. सप्टेंबरमध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियाला जमले. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या वुस्टर गावात साडेचार हजारांवर माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली, राजाने नेमलेल्या न्यायाधीशांना त्यांच्यामधून चालत जाऊन आपण पद सोडत असल्याचं पुन्हा पुन्हा वाचून दाखवावं लागलं. एकही गोळी न सुटता त्या भागातला राजाचा अंमल संपला. १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्डला जी लढाई झाली, ती हा गेलेला अंमल परत मिळवायच्या प्रयत्नात झाली.

जे बंडात उतरले नाहीत

अमेरिका खंडात ब्रिटनच्या वसाहती तेराहून बऱ्याच जास्त होत्या. जमैका, बार्बाडोसच्या सभाही कर लावायच्या अधिकाराबद्दल तितक्याच हळव्या होत्या. जमैकाच्या सभेने १७७४ च्या डिसेंबरमध्ये राजाकडे वसाहतींची बाजू मांडली, पण त्यातच कबूल केलं की गुलामांची संख्या एवढी असताना आम्ही प्रतिकार करू शकत नाही. बेटांवर गुलाम गोऱ्यांच्या कित्येक पट होते, त्यामुळे ज्या ब्रिटिश सैन्याची बॉस्टनला चीड होती तेच त्यांना हवं होतं. साखरेची हक्काची बाजारपेठही ब्रिटनच होती.

तेरा वसाहतींतही २५ लाखांच्या लोकवस्तीत सुमारे ५ लाख माणसं गुलाम होती. १७७५ च्या नोव्हेंबरमध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने जाहीर केलं, की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने लढतील ते मुक्त. शेकडो जण धावून गेले. काठावर बसलेले व्हर्जिनियाचे मळेवाले त्यानंतर बंडाकडे झुकले. स्वातंत्र्याच्या या लढ्याच्या कारणांत आपले गुलाम हातचे जातील ही भीतीही होती, आणि हे वगळून केलेली मांडणी खोटी ठरते.

राजावर ठपका का?

इतकं होऊनही स्वातंत्र्याची मागणी उशिरा आली. जुलै १७७५ मध्ये, लढाई सुरू झाल्यावर, वसाहतींच्या काँग्रेसने, म्हणजे प्रतिनिधींच्या सभेने, राजा तिसऱ्या जॉर्जकडे समेटाचा अर्ज पाठवला. तोपर्यंत त्यांची मांडणी अशी झाली होती, की पार्लमेंटचा आमच्यावर मुळातच अधिकार नाही, आमचा धागा फक्त राजाशी. पार्लमेंट मर्यादा ओलांडत असेल तर राजाने तिला आवरावं. राजाने अर्ज स्वीकारलाही नाही. २३ ऑगस्टला त्याने वसाहती बंडखोर असल्याचं जाहीर केलं आणि नंतर जर्मन संस्थानांतून भाडोत्री सैनिक आणले. ज्या एका धाग्यावर सगळं टांगलं होतं, तो राजाच्याच हातून तुटला.

म्हणून ४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात पार्लमेंटचं नावही येत नाही. सगळ्या तक्रारी राजाविरुद्ध आहेत, वीसहून अधिक. संमतीशिवाय कर लावल्याची तक्रार त्यांत आहे, पण ती यादीच्या उत्तरार्धात, एका ओळीत. सभा बरखास्त केल्या, शांततेच्या काळात सैन्य ठेवलं, न्यायाधीशांचे पगार आपल्या मर्जीवर ठेवले, या तक्रारी तिच्या आधी येतात.